लाहोरची कार्यशाळा आणि एक मिस्त्री

पदार्थविज्ञानशास्त्र आमच्या देशात कसे आले याचा इतिहास लिहिणारे बहुधा १८५७ सालच्या विद्यापीठांपासून प्रारंभ करतात आणि अभ्यासक्रम, पदव्या व प्राध्यापक यांची नामावली देऊन थांबतात. वर्गातील मेजावर मांडलेले पितळेचे व काचेचे साहित्य कोणी घडविले आणि ते मोडले तर दुरुस्त कोणी केले, हे प्रश्न त्यांस क्षुल्लक वाटत असावेत. आम्हांस ते तसे वाटत नाहीत. हे शास्त्र येथे रुजते की नुसते पाठ होते, याचा निकाल त्या मेजावरच लागत होता.

एक उदाहरण घेऊ. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ साली एका यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. मोकळा सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४९० सेंटीमीटर खाली येतो; विद्यार्थ्याची पापणी लवते न लवते तोच प्रयोग आटोपलेला असतो. परंतु कप्पीवरून घेतलेल्या दोरीच्या दोन टोकांस ५०० ग्रॅमची दोन समान वजने टांगून त्यांपैकी एकावर २० ग्रॅमची पट्टी ठेविली, की तेच पतन संथ होते. पहिल्या सेकंदाअखेर सुमारे ९.६, दुसऱ्याअखेर ३८ आणि तिसऱ्याअखेर ८६ सेंटीमीटर. एक, चार, नऊ हा गॅलिलिओचा क्रम डोळ्यांपुढे मोजता येतो. मात्र हे सारे त्या कप्पीवर अवलंबून. तिचा आस चार हलक्या चाकांच्या कडांवर टेकविलेला असतो, तो घर्षण जवळजवळ नाहीसे व्हावे म्हणून. त्यांतील एखादे चाक केसभर तिरपे कातले गेले, की एक, चार, नऊ येत नाहीत. मग विद्यार्थी काय करतो? डोळ्यांनी पाहिलेला आकडा खोडतो आणि पुस्तकातला आकडा वहीत उतरवून मोकळा होतो. प्रयोगशास्त्राचे शिक्षण तेथेच संपते.

एकोणिसाव्या शतकात असले साहित्य विलायतेहून येई आणि तिकडच्या हवेला अनुसरून केलेले असे. आमच्याकडील उन्हाळ्यात लाकडी बैठक वाकते, हवा काढून घेणाऱ्या पंपाच्या दट्ट्याचे कातडे वाळून चिरते. आणि पावसाळ्यात घर्षणविद्युतेच्या यंत्राच्या काचेवर दमटपणाचा अदृश्य थर बसला, की ठिणगी पडण्याचे नाव नाही. येथील प्राध्यापकास विलायती यंत्रकार कितीही कुशल असून उपयोगाचा नव्हता. त्यास हाकेच्या अंतरावर असलेला मनुष्य हवा होता.

असा मनुष्य ज्यांनी शोधिला त्यांत लाहोरचे रुचिराम साहनी हे नाव आम्ही अग्रभागी ठेवू. त्यांचा जन्म १८६३ साली डेरा इस्माईल खान येथे झाला. १८८५ साली ते सरकारी हवामानखात्यात ब्लॅनफर्ड साहेबांच्या हाताखाली नोकरीस लागले आणि कलकत्ता व सिमला येथे राहिले. बदलीच्या गावचे पाणी प्यालेल्या आमच्या वाचकांस हे गृहस्थ आपल्याच जातकुळीचे वाटतील. १८८७ साली ते लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात विज्ञानाचे अध्यापक म्हणून परतले. तेथील प्राध्यापक ओमन यांच्यासह त्यांनी पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटचे काम चालविले आणि सामान्य जनांस पंजाबी भाषेत सप्रयोग व्याख्याने दिली. लाहोरकर पितात ते पाणी, साबण करण्याची रीत, असे त्यांचे विषय असत. दुकानदारापुढे उभे राहून प्रयोग करावयाचा तर उपकरण ऐन वेळी रुसून चालत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

१८८८ साली साहनींनी आपल्या घरीच एक कार्यशाळा उघडली. तिचा आधार होता अल्लाबक्ष नावाचा रेल्वेतील एक मिस्त्री. ही गोष्ट आज साधी वाटते, पण ज्या समाजात लेखणी धरणाराने कानस धरू नये असा अलिखित दंडक होता (आणि आम्हां मराठी पांढरपेशांच्या घरांतही तो कमी कडक नव्हता), तेथे प्राध्यापकाने मिस्त्र्यास घरी आणून त्याच्याबरोबर काम करावे, ही लहानशी क्रांतीच होती. प्राध्यापकास तत्त्व ठाऊक असते. पितळ कोठे दबते, डाख कोठे सुटतो, स्क्रू किती आवळला म्हणजे काच तडकते, हे मिस्त्र्याच्या बोटांस ठाऊक असते. दोघांनी एका मेजाशी बसल्यावाचून चांगले उपकरण होत नाही.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. त्या काळी विलायती उपकरणांचे पितळ काळे पडू नये म्हणून त्यावर चपडी लाखेचे रोगण चढवीत. ही लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून, परदेशी जाई. म्हणजे उपकरणांवरील ज्या सोनेरी झळाळीने आमचे विद्यार्थी दिपून जात, ती आमच्याच पळसाकुसुंबांवरून उतरून, दोनदा समुद्र ओलांडून आलेली होती!

न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरू लागल्या होत्या. १८९३ साली लाहोरच्या कार्यशाळेचा माल तेथे मांडला गेला. देशी कारखानदारी म्हणजे कापूस, साखर आणि लोखंड अशी समजूत असलेल्या मंडळींपुढे शाळाकॉलेजांची उपकरणे यावीत, आणि तीही पंजाबातून, हे पुण्यास नवे होते. पुढे १९०६ साली कलकत्त्याच्या प्रदर्शनात या मालास सुवर्णपदक मिळाले. परीक्षकांत जगदीशचंद्र बोस होते. परीक्षक याहून योग्य मिळाला नसता. बोसांनी आपल्या विद्युत्तरंगांची उपकरणे कलकत्त्यातच करवून घेतली होती आणि १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ती श्रोत्यांपुढे चालवूनही दाखविली होती. रेल्वेच्या ब्रॅडशॉ वेळापत्रकाच्या पानांत कथलाचा पत्रा घालून त्यांनी तरंगांचे ध्रुवीकरण केले. त्या जाडजूड पुस्तकाचा याहून विश्वसनीय उपयोग आम्ही तरी पाहिलेला नाही.

साहनींच्या आठवणी २०१७ साली ग्रंथरूपाने निघाल्या, आणि त्यांच्याविषयी आता बरेच लिहिले जाते. अल्लाबक्षाचे नाव टिकले ते त्यांच्यामागोमाग. सुवर्णपदकाची हकीकत सांगताना लोक साहनींचे नाव घेतात, मिस्त्र्याचे विसरतात; आणि कित्येक कॉलेजांच्या कपाटांत आजही उभ्या असलेल्या जुन्या उपकरणांवर विक्रेत्याची पाटी असते, करणाराचे नाव नसते.

१९१४ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, साहनी किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी जर्मनीत फायान्स यांच्याकडे गेले. तोच महायुद्ध पेटले. तेथून निघून ते मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. याच प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी, अल्फा कण म्हणजे हेलियमच होत, हे सिद्ध झाले होते. त्यासाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ भिंतीची काचनळी लागली होती. ती फुंकणारा बाउमबाख हा कारागीर जर्मन होता आणि युद्धकाळात त्यास शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्धतेत राहावे लागले. पण १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात रदरफोर्ड व रॉइड्स यांनी, अशा सूक्ष्म नळ्या एकसारख्या जाडीच्या फुंकण्यात बाउमबाख यशस्वी झाले, हे त्यांच्या नावानिशी नमूद करून ठेविले आहे.