सरांची जावा

चित्रकलेचे सर शाळेच्या फाटकाबाहेरच गाडी बंद करायचे आणि ढकलत आत आणायचे, वर्गात तास चालू असायचे म्हणून. पण त्याचा उपयोग काहीच नव्हता. पोवई नाक्याच्या बाजूने फटफट ऐकू आली, की आपली १९७९ ची दहावीची बॅच रंगपेट्या काढून बसलेली असायची.

ती १९६८ सालची जावा आता माझ्याकडे आहे. मेळाव्याला तिच्यावरूनच येणार आहे, म्हणून तिची ही हकीकत.

प्रागच्या यानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा धंदा घेतला. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून हे नाव झालं. चेक लोक ‘यावा’ म्हणतात, आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘जावा’ केलं. भारतात इराणी घराण्याच्या ‘आयडियल जावा’ने १९६१ पासून मैसूरला ती बनवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात नाव बदलून ‘येझदी’ झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये महिंद्रा समूहाच्या कंपनीने जावा पुन्हा आणली, पण ती फोर-स्ट्रोक. तिच्यातून निळा धूर निघत नाही, तेव्हा आपल्या दृष्टीने ती जावा नव्हे.

सरांची गाडी टू-स्ट्रोक, अडीचशे सीसीची. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन! गिअरचा दांडा आत दाबून उलटा फिरवला की तोच किक होतो, हे मला सरांनीच आठवीत दाखवलं होतं. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, वीस भागांना एक. म्हणून यवतेश्वराचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून चालत नाही. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं आणि पिस्टन जाम व्हायची भीती. उतारावरही मधूनमधून थोडी रेस द्यावी लागते. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

सर गेल्यावर काकूंनी मला बोलावलं. “भंगारवाला दोनदा येऊन गेला. तू नेतोस का?” म्हणाल्या. गाडी अंगणातल्या पत्र्याखाली नऊ वर्षं उभी होती. टाकीत गंज, सहा व्होल्टची बॅटरी मेलेली, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. इंजिन खोलायला आणि जुळवायला सात महिने गेले. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून विस्तवात टाकल्या, तेव्हा कुठे कार्बन सुटला. कॉन्टॅक्ट पॉइंट घासून गॅप लावला आणि चौथ्या किकला गाडी बोलली. शेजारच्या आजोबांनी खिडकी उघडून विचारलं, “मास्तर आले का?”

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला ती नवी दिसायला हवी होती. सगळे पत्रे सुटे करून रंगाला दिले आणि ‘पार पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा’ असं मीच बजावलं. गाडी मरून रंगात, सोनेरी रेघांसह झळकत परत आली. काकूंना दाखवायला नेली. त्यांनी बाजूच्या पेटीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि हळूच लावलं. “इथे ह्यांनी लिहिलं होतं,” एवढंच म्हणाल्या.

मग मला आठवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने, फळ्यावरच्या सुविचाराच्या त्याच वळणात, सरांनी लिहिलं होतं : ‘५ लिटरला पाव’. खोलताना मी ते वाचलं होतं, ऑइलचं माप म्हणून.

आता प्रश्न कागदांचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते, जुना नंबरही राहतो. पण मग ती फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. मला मंडईतून भाजी आणायची असते. म्हणून साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवून घेतो.

झाकण अजून कोरंच आहे. सुतार गल्लीतला पेंटर लिहून देतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. आपल्यापैकी कुणाकडे सरांच्या अक्षरातला शेरा असलेली जुनी चित्रवही असेल, तर मेळाव्याला जरूर आणा. ‘पाव’ हा शब्द त्यात सापडणार नाही, पण ‘प’ आणि ‘व’ नक्की सापडतील.