कोंबडीचे औषध, घोड्याचे विष

कोंबड्यांच्या खाद्यात रोज थोडे औषध मिसळण्याची पद्धत अमेरिकेत १९४८ नंतर रुजली. त्या वर्षी सल्फाक्विनॉक्सलिन हे औषध रक्ती हगवणीवर, म्हणजे कॉक्सिडिओसिसवर, खाद्यातून देण्यासाठी बाजारात आले. हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशी परजीवीमुळे होतो. अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या चार कोंबड्यांना तो फारसा छळत नाही. पण तुसाच्या एकाच गादीवर हजारो पिल्ले वाढू लागली की विष्ठेतून पसरून तो अख्खी शेड आडवी करतो. एवढ्या पक्ष्यांत आजारी कोण ते शोधून त्याला औषध पाजणे शक्य नसते. म्हणून सगळ्यांच्याच दाण्यात औषध घालण्याचा तोडगा निघाला. पाठोपाठ लेडर्ली प्रयोगशाळेतील स्टॉकस्टॅड आणि ज्यूक्स यांना ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला गाळ खाऊन पिल्ले झपाट्याने वाढतात असे आढळले. १९५१ साली तर प्रतिजैविके पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात मिसळायला परवानगी मिळाली. औषध कुठे संपते आणि खाद्य कुठे सुरू होते, हे पशुपालनात तेव्हापासूनच धूसर झाले.

परजीवी सल्फा औषधांना लवकरच दाद देईनासा झाला. नवी औषधे येत राहिली आणि नव्या अडचणीही. १९५५ च्या सुमारास आलेले निकार्बाझिन मांसासाठी वाढवलेल्या पिल्लांना चांगले मानवले; पण तेच खाद्य चुकून अंड्यांवरच्या कोंबड्यांपुढे गेले, तर तपकिरी अंडी पांढुरकी पडत आणि उबवणही घटे. एका कोंबडीचे औषध दुसऱ्या कोंबडीलाही चालेलच असे नाही, हा धडा इथे पहिल्यांदा नीट दिसला. तो फार मनावर घेतला गेला नाही, कारण नुकसान अंड्यांचे होते, जिवाचे नव्हते.

पुढे आले मोनेन्सिन. स्ट्रेप्टोमायसिस सिनॅमोनेन्सिस या जिवाणूपासून मिळणाऱ्या या द्रव्याचे वर्णन इलाय लिली कंपनीच्या संशोधकांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये ते कोंबड्यांसाठी आणि १९७५ च्या अखेरीस मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांसाठी मंजूर झाले. गुरांच्या पोटातील जिवाणूंचा तोल ते असा बदलते की कमी चाऱ्यात तेवढेच वजन भरते. याच गटातील लॅसॅलोसिड, सॅलिनोमायसिन आणि मदुरामायसिन ही औषधेही कुक्कुटपालनात स्थिरावली. ही सगळी द्रव्ये सोडियम किंवा पोटॅशियमचे कण पेशीच्या आवरणातून आरपार नेतात. परजीवीच्या पेशीत क्षार असे भरत गेले की ती फुगून मरते.

प्राण्याच्या स्नायूंची पेशीही याला अपवाद नाही. वाचवते ते यकृत. ते औषध मोडून बाहेर टाकते, आणि कोणाचे यकृत किती वेगाने हे काम करते यावर सगळे अवलंबून असते. कोंबडीला मारायला शरीराच्या दर किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम मोनेन्सिन लागते, गाय-बैलांना २० ते ८०, मेंढीला १२ च्या आसपास आणि घोड्याला अवघे २ ते ३. साडेचारशे किलोचा घोडा म्हणजे जेमतेम एक ग्रॅम औषध. तयार कोंबडखाद्यात ते किलोमागे शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम असते, म्हणजे तेवढी मात्रा पोटात जायला आठ-दहा किलो खाद्य खावे लागेल. पण कारखान्यात येणाऱ्या तीव्र पूर्वमिश्रणात औषधाचा वाटा पाचवा हिस्सा असला, तर तेच काम चमचाभर भुकटीत होते. चुकीचे पोते मिक्सरमध्ये रिकामे होणे किंवा भुकटी नीट न मिसळणे इतके जीवघेणे का, ते यावरून कळते.

विषबाधा झालेला घोडा आधी खाद्यावरून तोंड काढतो. मग घाम, पोटदुखी, मागच्या पायांचा डळमळीतपणा, अनियमित ठोके, आणि शेवटी तो उठतच नाही. यावर उतारा नाही. वाचलेल्यांच्या हृदयाच्या स्नायूवर कायमचे व्रण राहू शकतात. असा घोडा धडधाकट दिसतो आणि काही महिन्यांनी दौडीत अचानक कोसळतो. पोटदुखी हे घोड्यांचे नेहमीचेच दुखणे असल्याने खाद्याकडे संशय उशिरा वळतो, हे आणखी वाईट.

घोड्याच्या खाद्यात कोंबडीचे औषध येतेच कसे, याचे उत्तर कारखान्याच्या रचनेत आहे. एकच मिक्सर सकाळी कोंबडखाद्य काढतो आणि दुपारी घोड्याचे. मधल्या नळ्यांत, कोठ्यांत आणि धुळीत आधीच्या मालाचा अंश राहतो. निरनिराळ्या जनावरांचे खाद्य एका छताखाली बनवणे स्वस्त पडते, आणि धोका त्या स्वस्ताईतच आहे.

मांजरेही यातून सुटली नाहीत. १९९६ साली नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये सुमारे आठशे मांजरांचे मागचे पाय लुळे पडले, काहींचे पुढचेही. त्यांच्या कोरड्या खाद्यात सॅलिनोमायसिन सापडले. हेच औषध कोंबडीला सोसते, टर्कीला मात्र सोसत नाही. इस्रायल आणि दक्षिण आफ्रिकेत गुरांना कोंबड्यांच्या शेडमधील गादी खाऊ घालण्याची प्रथा होती. तिच्यातील मदुरामायसिनने गुरे दगावली. म्हणजे औषध कोंबडीच्या विष्ठेतूनही पुढे गेले.

प्रतिजैविक नसलेल्या द्रव्यांचीही हीच कथा आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये डुकरांच्या वाढीसाठी खाद्यात किलोमागे २५० मिलिग्रॅम तांबे घालण्याची चाल पडली. मेंढी तांबे यकृतात साठवत जाते, आणि एखाद्या ताणाच्या दिवशी ते एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते. डुकराचे खाद्य खाणारी मेंढी काही आठवडे ठणठणीत दिसते ती यामुळेच.

महाराष्ट्रातील ब्रॉयलर व्यवसायातही सॅलिनोमायसिन आणि मदुरामायसिन वापरात आली. इथे शेडशेजारीच शेळ्या, बैल आणि कुत्रा असतात, आणि फुटलेल्या पोत्याला तोंड लावायला शेळीला कोणी बोलवावे लागत नाही.

युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, पण कोंबड्यांतील रक्ती हगवणीची औषधे कायम ठेवली. २००९ मध्ये या औषधांचा इतर खाद्यांत राहणारा अटळ अंश किती चालेल, याच्या मर्यादा ठरल्या; घोड्यासारख्या नाजूक जातींसाठी तो मूळ मात्रेच्या एक टक्का धरला गेला. अमेरिकेत काही उत्पादकांनी घोड्यांच्या खाद्यासाठी ही औषधे अजिबात न शिरणारे कारखाने वेगळे काढले. २०१७ पासून तिथे माणसांच्या उपचारात महत्त्वाच्या प्रतिजैविकांना खाद्यात घालण्यासाठी पशुवैद्याचा लेखी आदेश लागतो. मोनेन्सिन माणसांना देत नाहीत, म्हणून ते एकटे वापरल्यास या नियमाबाहेर राहते.