खोलीत नसलेल्यांची पेन्शन

मार्च २०२३ मधला रविवार. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू होऊन पाच-सहा दिवस झाले होते. दुपारी (म्हणजे इथली दुपार, तिकडची संध्याकाळ) दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ. तहसील कचेरीत कारकून, २००७ साली लागलेला. घसा बसलेला होता. कारण उघड होतं, आठवडाभर "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडत होता.

"अरे, माझ्या शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब ऑगस्ट २००५ चे. त्यांना निवृत्तीनंतर पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता. मी दोन वर्षांनी लागलो. मला शेअरबाजार देईल ते. काम तेच, साहेब तोच, पंखासुद्धा तोच. तुमच्या इंग्लंडात असं असतं का रे?"

मी मोठ्या ऐटीत "छे, इथे असं नसतं" म्हणणार होतो, पण तेवढी खात्री नव्हती. "बघून सांगतो दादा" म्हटलं. बघायला गेलो आणि चकित झालो. इथेही असंच झालं होतं. सालही तेच, २००५, आणि तारखांमध्ये जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर! फरक आहे तो पुढे काय झालं यात. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. पेन्शन हा शब्द आपल्याकडे इंग्रजांनी आणला आणि आपल्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली पेन्शन म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची. जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपये घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. तिथे तो आणखी साडेबत्तीस वर्षं जगला. जानेवारी १८५१ मध्ये तो वारल्यावर कंपनीने त्याचा दत्तक मुलगा नानासाहेब याला कळवलं की करार तुमच्या वडिलांशी होता, तुमच्याशी नव्हे. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पेन्शनच्या हिशोबातले दोन्ही सनातन प्रश्न या एका गोष्टीत आहेत: घेणारा किती वर्षं जगणार, आणि ज्याच्याशी करार केला त्याच्यानंतर येणाऱ्याचं काय?

इंग्लंडात सरकारी नोकरांच्या पेन्शनची घडी बसली ती १८५९ च्या कायद्याने. निवृत्तीचं वय ६० ठरलं ते तेव्हा. त्यानंतर विमानं आली, पेनिसिलीन आलं, माणसं ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगू लागली, पण बहुतेक सरकारी नोकरांचं ६० काही हललं नाही. शिवाय शिक्षक, सरकारी आरोग्यसेवा आणि सरकारी कचेऱ्या यांच्या पेन्शनमागे गुंतवलेला निधीच नसतो. आज काम करणाऱ्यांच्या पगारातून कापलेले पैसे आणि करदात्यांचे पैसे मिळून आजच्या निवृत्तांना दिले जातात. (नगरपालिका-परगण्यांच्या नोकरांचा मात्र खराखुरा निधी असतो.) हे गाडं नीट चालायचं तर आत येणारा आणि बाहेर जाणारा यांचं गणित जमायला हवं, आणि ते बिघडत चाललं होतं.

टोनी ब्लेअर यांच्या सरकारने ठरवलं की सगळ्यांचं वय ६५ करायचं, नोकरीत असलेल्यांचंही. संघटनांनी मार्च २००५ मध्ये संपाची तारीख जाहीर केली. निवडणूक मे महिन्यात. आता निवडणुकीच्या तोंडावर दहा-पंधरा लाख सरकारी नोकर रस्त्यावर हे चित्र कुठल्या सरकारला परवडेल? प्रस्ताव मागे घेतला गेला, "चर्चा करू" असं ठरलं.

चर्चा करायला सरकारच्या बाजूने मंत्री होते ॲलन जॉन्सन. हा गृहस्थ मूळचा पोस्टमन. टपाल कामगारांच्या संघटनेतून वर चढत सरचिटणीस झालेला आणि तिथून संसदेत गेलेला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसण्याचा अनुभव असलेला माणूस. १८ ऑक्टोबर २००५ ला तडजोड जाहीर झाली. आज नोकरीत आहेत त्यांचं ६० कायम, यापुढे जे नोकरीला लागतील त्यांना ६५.

सगळे खूश! संघटनांना सांगता आलं की आमच्या एकाही सभासदाचं वय वाढू दिलं नाही. सरकारला सांगता आलं की सुधारणा केली. नाराज होते ते उद्योगपती. त्यांच्या संघटनेचं म्हणणं असं की या वेगाने बचत व्हायला पिढी जाईल, आणि तोवर पैसे खाजगी नोकरीतले करदाते भरणार. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात अडेर टर्नर यांच्या आयोगाचा मोठा अहवाल आला. हा सर्वसामान्यांच्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनबद्दल होता, आणि त्यात म्हटलं होतं की तिचं वय हळूहळू ६८ पर्यंत न्यावं लागेल. म्हणजे गवंड्याने ६८ पर्यंत विटा रचायच्या आणि त्याच्या करातून कचेरीतल्या साहेबाने ६० ला घरी बसायचं. वर्तमानपत्रांना आयता मसाला मिळाला.

आणि ज्यांच्यावर या तडजोडीचा भार पडला ते? ते त्या खोलीत नव्हतेच. असणार कसे? त्यातले निम्मे शाळेत जात होते. ज्याला अजून नोकरीच लागलेली नाही त्याची संघटना नसते, त्याला संप करता येत नाही, आणि बऱ्याचदा मतही देता येत नाही. वाटाघाटीत यापेक्षा सोयीचा माणूस सापडणं कठीण.

आता महाराष्ट्राकडे बघा. शासन निर्णय ३१ ऑक्टोबर २००५ चा. १ नोव्हेंबरपासून लागणाऱ्यांना नवी योजना. इंग्लंडातल्या तडजोडीनंतर बरोबर तेरा दिवसांनी! कुणी कुणाची नक्कल केली असं मुळीच नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासूनच हे केलं होतं. पण युक्ती तीच. आणि न्यायाने हेही सांगायला हवं की इथल्या नव्यांचं आपल्या नव्यांइतकं बिघडलं नाही. त्यांना पाच वर्षं जास्त काम करायचं होतं, पण पेन्शनची रक्कम ठरलेल्या सूत्राने मिळणार होती. आपल्याकडे सूत्रच गेलं आणि त्याच्या जागी बाजार आला.

टर्नर अहवालावरून ब्लेअर आणि त्यांचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्यात जुंपली. मुद्दा असा: वृद्धापकाळ पेन्शन दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायची की लोकांच्या पगारांच्या वाढीप्रमाणे? पगाराशी असलेली सांगड थॅचरबाईंच्या सरकारने १९८० मध्ये तोडली होती. त्या वेळी फारसं कुणाला जाणवलं नाही, कारण एका वर्षात फरक थोडाच पडतो. पण चक्रवाढ व्याज कुणालाच सोडत नाही. एप्रिल २००० मध्ये वाढ झाली ती आठवड्याला फक्त ७५ पेन्स, आणि म्हातारे खवळले. त्या सप्टेंबरात मजूर पक्षाच्या अधिवेशनात नव्वदीला टेकलेल्या बार्बरा कासल उभ्या राहिल्या (ही सांगड १९७० च्या दशकात मंत्री म्हणून त्यांनीच घातली होती) आणि स्वतःच्याच पक्षाच्या सरकारचा मतदानात पराभव झाला. सरकारने तो ठराव मानला नाही ही गोष्ट वेगळी. शेवटी मे २००६ मध्ये तडजोड झाली. सांगड परत जोडायची, पण २०१२ मध्ये, तीही परवडलं तर, नाहीतर पुढच्या संसदेच्या अखेरीपर्यंत. बदल्यात निवृत्तीचं वय वाढणार. ही तडजोड टिकली, उलट २०११ मध्ये नव्या सरकारने आधीच अमलात आणली. माझ्या मते ती टिकली कारण तिच्यात प्रत्येकाने काहीतरी दिलं आणि प्रत्येकाला काहीतरी मिळालं. जे तरुण ६८ पर्यंत काम करणार, त्यांचीच पेन्शन पगाराबरोबर वाढणार होती.

सरकारी नोकरांची तडजोड मात्र पाच वर्षंही पुरली नाही. २००८ मध्ये बँका कोसळल्या, तिजोरी रिकामी झाली आणि २०१० मध्ये आलेल्या आघाडी सरकारने जॉन हटन यांना नेमलं. हे मजूर पक्षाचेच माजी मंत्री. मार्च २०११ मधल्या त्यांच्या अहवालात सांगितलं होतं की जुने-नवे असा भेद संपवा. आजवर जे कमावलं ते सुरक्षित ठेवा, पण पुढच्या सेवेसाठी सगळ्यांना एकच योजना द्या, अखेरच्या पगारावर नव्हे तर पूर्ण नोकरीतल्या सरासरी पगारावर. आणि त्याच अहवालात एक वाक्य होतं त्याचा मतलब असा की अमुक वयाच्या वरच्यांना बदलातून वगळू म्हणाल तर वयभेदाविरुद्धच्या कायद्यामुळे ते जमणार नाही.

सरकारने काय केलं असेल? बरोबर. संप टळावा म्हणून नोव्हेंबर २०११ च्या सुरुवातीला सवलत जाहीर केली: १ एप्रिल २०१२ रोजी निवृत्तीला दहा वर्षांहून कमी उरलेत त्यांना बदल लागू नाही! वर हमी, की आता पंचवीस वर्षं या विषयाला हात लावणार नाही. ३० नोव्हेंबरला संप झालाच. शाळा बंद, शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. पण सवलतीने आपलं काम केलं. वाटाघाटींना बसणारी पिकल्या केसांची मंडळी सवलतीत बसत होती, आणि पुढच्या काही महिन्यांत एकेका संघटनेचा विरोध मावळत गेला. नव्या योजना एप्रिल २०१५ पासून सुरू झाल्या.

यावेळी एक फरक होता. २००५ मध्ये ज्यांच्यावर भार पडला ते अजून नोकरीतच नव्हते. २०१५ मध्ये ते नोकरीत होते, शेजारच्याच टेबलावर. आणि त्यांच्यात काही न्यायाधीश होते! तरुण न्यायाधीशांनी आणि अग्निशमन दलातल्या तरुण जवानांनी दावे लावले. फक्त वयामुळे आम्हाला वेगळी पेन्शन का? म्हातारपण ज्यांच्या दारात आलंय त्यांना सावरायला वेळ नव्हता, असं सरकारचं म्हणणं. पण मुळात त्यांचं नुकसान सगळ्यात कमी होणार होतं, कारण त्यांची बहुतेक सेवा जुन्या नियमातच झालेली होती. जास्त नुकसान तरुणांचं. डिसेंबर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला: हा बेकायदा वयभेद आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाही नकार दिला. भरपाईचा सरकारी अंदाज सुमारे १७ अब्ज पौंड, म्हणजे पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या आसपास. २०२२ चा कायदा असा की त्या सात वर्षांपुरते जुने नियम लावायचे की नवे हे ज्याने त्याने निवृत्त होताना निवडायचं. लाखो लोकांचे हिशोब दोन्ही पद्धतींनी मांडायचे!

माझ्या धंद्यात हे ओळखीचं आहे. चालू यंत्रणा बदलताना सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना जुनं चालू ठेवायचं आणि नव्यांना नवं द्यायचं. त्या दिवशी कुणीच तक्रार करत नाही. बिल येतं ते दहा वर्षांनी, आणि ते दोन यंत्रणा सांभाळण्याचं असतं. आम्हा अभियंत्यांना निदान एवढं तरी असतं की गिऱ्हाइकं एकमेकांच्या शेजारी बसून रोज डबा खात नाहीत.

दादाचा संप सातव्या दिवशी मिटला, समिती नेमली गेली. २०२४ च्या सुरुवातीला, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, अशांना जुनी पेन्शन निवडायची मुभा मिळाली. दादा त्यात बसला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने एकत्रित पेन्शन योजना जाहीर केली: पंचवीस वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या वर्षातल्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, पण कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कपात चालूच. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ती लगेच उचलली. म्हणजे वीस वर्षांनी आपणही मधल्या वाटेवर आलो.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "म्हणजे जुनी पेन्शन मागितली ते चुकलंच का आमचं?"

मी म्हटलं, "दादा, सगळ्यांना जुनी द्यायची तर तिचे पैसे कोण भरणार? तुझ्या पोरीच्या वयाचे लोक. ते या खोलीत आहेत का?"

त्यावर तो थोडा गप्प झाला. त्याची मुलगी आठवीत आहे. मग म्हणाला, "बरोबर आहे रे. पण २००५ ला मीपण खोलीत नव्हतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.