तापात उतरणारे कोलेस्टेरॉल

२०२० मध्ये चीनमधल्या डॉक्टरांना कोविडच्या रक्तचाचण्यांत एक कोडे दिसू लागले. आजार जितका गंभीर, तितके कोलेस्टेरॉल कमी. ‘वाईट’ एलडीएल उतरलेले, तसेच ‘चांगले’ एचडीएलही. रुग्ण सुधारू लागला की आकडे पुन्हा चढत. जे वाढू नये म्हणून आपण लोण्याकडे संशयाने पाहतो, ते उतरल्यावर माणूस अत्यवस्थ कसा? या प्रश्नामागे दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दोन्ही सशांपाशी जातात.

पहिली वाट ओळखीची आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातल्या खड्यांत कोलेस्टेरॉल हा मेणचट पदार्थ सापडला आणि पुढच्या शतकात मिशेल शेव्रल यांनी त्याचे नामकरण केले. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या धमन्यांत थर साचले. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात दीर्घ पाहणी सुरू झाली आणि हाच धोका माणसांतही दिसला. १९८७ मध्ये कोलेस्टेरॉल उतरवणारे पहिले स्टॅटिन औषध बाजारात आले. तेव्हापासून कोलेस्टेरॉल हा हृदयाचा विषय झाला.

दुसरी वाट कमी लोकांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी ट्रिपॅनोसोमा या परजीवीने आजारी पडलेले ससे तपासत होते. ससे झिजून हाडांचा सापळा होत, पण रक्त मात्र चरबीने भरलेले. हे घडवणारा पदार्थ परजीवी तयार करत नव्हता. तो सशाच्याच प्रतिकारपेशींतून येत होता. १९८५ मध्ये कळले की तो म्हणजेच ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा प्रतिकारशक्तीचा संदेशवाहक रेणू. जंतूंशी लढणारे शरीर स्वतःच आपला चरबीचा कारभार बदलून टाकते, याचा हा ठोस पुरावा होता. माणसांत या बदलाचे रूप असे: ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, एलडीएल आणि एचडीएल घटतात.

यामागे हेतूही असावा. एचडीएल आणि इतर लिपिडकण जिवाणूंची विषद्रव्ये बांधून ठेवतात. विषाणूंशी लढताना इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर पेशी कोलेस्टेरॉलपासून २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल बनवते आणि ते विषाणूचा पेशीतला प्रवेश अडवते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. गंभीर डेंग्यूत तर रक्तवाहिन्याच पाझरू लागतात आणि तिथेही हाच उतार दिसतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या मुलांच्या अभ्यासात आजाराच्या तीव्रतेबरोबर कोलेस्टेरॉल उतरलेले आढळले.

इथेच घोटाळा झाला. कमी कोलेस्टेरॉल आणि संसर्ग एकत्र दिसतात, तर कमी कोलेस्टेरॉलच संसर्गाला बोलावते, असा निष्कर्ष काहींनी काढला. त्यातून स्टॅटिनवरच शंका घेतली गेली. पण छुपा आजारही कोलेस्टेरॉल खाली ओढतो, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. याउलट, स्टॅटिन दाह कमी करते म्हणून तेच संसर्गावर औषध ठरेल, अशी आशाही होती. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांना लोवास्टॅटिन देऊन पाहिले. ते सुरक्षित ठरले, पण गुण दिसला नाही. इराणमध्ये कोविडच्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर अटोर्वास्टॅटिननेही निर्णायक फरक पाडला नाही.

मग आधीच्या प्रकृतीला महत्त्व नाही का? आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठपणा हा स्वतंत्र धोका म्हणून पुढे आला. कोविडमध्ये त्याच्या जोडीला मधुमेह ठळक झाला. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये २००६ ते २०१० दरम्यान लाखो लोकांचे रक्त घेतले होते. साथ आल्यावर त्या जुन्या नोंदी उघडल्या, तेव्हा ज्यांचे एचडीएल तेव्हाच कमी होते त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त निघाले. कमी एचडीएल, सुटलेले पोट, चढती साखर आणि ट्रायग्लिसराइड ही एकाच बिघाडाची लक्षणे. यातले नेमके कारण कोणते, हे अजून वेगळे काढता आलेले नाही.

म्हणजे आजारापूर्वीचा आकडा प्रकृतीबद्दल सांगतो आणि आजारातला आकडा लढाईबद्दल. तापात उतरलेले एलडीएल पाहून हायसे वाटून घेण्यात अर्थ नाही आणि कमी कोलेस्टेरॉलच्या भीतीने मनानेच स्टॅटिन बंद करण्यातही नाही. बरे झाल्यावर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर आकड्याआधी तारीख वाचावी.