गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका

चावी फिरवूनही गाडी सुरू झाली नाही, की बहुतेक जण पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहतात. त्यामुळे उरलीसुरली बॅटरीही उतरते आणि नेमका बिघाड कुठे आहे हे कळत नाही. त्याऐवजी एकदाच चावी फिरवा आणि नीट ऐका. बिघाड विजेचा आहे, स्टार्टरचा आहे की इंधनाचा, हे बरेचदा आवाजावरूनच ओळखता येते.

सेल्फ अजिबात कधी मारू नये?

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे सेल्फ मारताच इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि मोठा खर्च अंगावर येतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर लागते. अशा वेळी गाडी टो करून गॅरेजला न्या. पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास येत असेल तरीही सेल्फ मारू नका.

१. काहीच आवाज येत नाही

डॅशबोर्डवरचे दिवेही लागत नसतील तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल झाले आहे. दिवे व्यवस्थित लागत असतील तर क्लच पूर्ण दाबला आहे का, आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर पी किंवा एनवर आहे का, ते पाहा. बटण स्टार्ट गाडीत चावीतला छोटा सेल संपलेला असू शकतो. अनेक गाड्यांमध्ये चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबले की गाडी सुरू होते.

२. नुसती टकटक होते किंवा इंजिन जड फिरते

हे बॅटरी कमजोर झाल्याचे लक्षण आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारा. प्रकाश एकदम मंदावला तर दोष बॅटरीचा किंवा टर्मिनलचा. प्रकाश तसाच राहिला आणि एकच ‘टक’ आवाज आला तर स्टार्टर तपासावा लागेल. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज सुमारे १२.६ असतो, १२ च्या खाली गेला तर ती उतरली असे समजा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती साफ करून टर्मिनल घट्ट करा.

३. इंजिन जोरात फिरते, पण सुरू होत नाही

इथे बॅटरीला दोष देऊ नका. आधी इंधनाचा काटा पाहा. सीएनजीच्या बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. त्यामुळे सिलिंडर भरलेला असूनही पेट्रोल संपल्यामुळे गाडी अडते. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, तो फ्युएल पंप. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज तपासा. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही; दुसरी चावी वापरून पाहा. थंडीत डिझेल गाडीचे कॉइलचे चिन्ह विझेपर्यंत थांबा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही बघा.

सेल्फ एका वेळी पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर स्टार्टर तापतो.

जंप स्टार्ट कसे करावे?

दोन्ही गाड्या बंद ठेवा. त्या एकमेकींना टेकू देऊ नका. जोडण्याचा क्रम असा:

• लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला
• तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला
• काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला
• तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब

शेवटच्या जोडणीवेळी ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून ती लांब करायची. आता चांगली गाडी सुरू करून काही मिनिटे चालू ठेवा, मग दुसरीला सेल्फ मारा. केबल काढताना उलटा क्रम ठेवा.

केबल नसेल तर मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू करता येते: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडा. हे उतारावर किंवा रहदारीत करू नका. ऑटोमॅटिक गाडी अशी सुरू होत नाही.

सुरू झाल्यावर

बॅटरीचा लाल दिवा विझला नाही तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. नवी बॅटरी बसवली तरी तीही उतरेल. अशा वेळी गाडी वाटेत बंद न करता थेट गॅरेज गाठा आणि बॅटरी विकत घेण्याआधी चार्जिंग तपासून घ्या. इंजिन चालू असताना ते साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावे.