वेंगुर्ल्याच्या खडकांवरची पाकोळी

आम्ही वालावलच्या बाया. आज एका पाखराच्या घराची गोष्ट सांगतो.

वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या अंधाऱ्या गुहेत भारतीय पाकोळी घरटं करते, मुख्यतः स्वतःच्या लाळेचं. परदेशात या घरट्यांचं सूप करतात, त्याला मोठी किंमत येते. म्हणून चोर गुहेत शिरून घरटी खरवडून न्यायचे. अंडी-पिल्लं तिथेच मरायची. बाळंतिणीचं घर मोडण्यासारखंच ते!

2001 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सोबती होडीने तिथे पोचले. चोरी उघड झाली. मग वनखात्याच्या साथीने राखण सुरू झाली. पुढे या पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली.

पण कायदा काही बेटावर बसून राहत नाही. आपल्या घरची माणसं रोज समुद्रावर जातात. अनोळखी होडी बेटाला लागलेली दिसली, तर वनखात्याला कळवा, एवढं त्यांना सांगूया. राखणीतला आपला वाटा तोच.