मक्याची कूळकथा

लोणावळ्याच्या पावसात भुशी धरणावर लिंबू-तिखट लावलेले कणीस आपण आवडीने खातो. पण मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील बायका फार पूर्वीपासून दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवीत, वाटून भाकरी करीत. १४९२ नंतर दाणे युरोपात गेले; चुन्याची रीत मात्र मागेच राहिली. निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा जडला. कातडी फुटे, भ्रम होई, हजारो दगावले. नायसिन या जीवनसत्त्वाने तो बरा होतो, हे १९३७ साली उमगले. मक्यातले तेच सत्त्व चुन्याने मोकळे होते! आपण मक्याबरोबर डाळ-दूध खातो, ताटे गुरांना घालतो, म्हणून निभावते. तेव्हा बियाण्यासंगे बायकांची रीतही जपावी, एवढेच सांगणे.